रक्ताचा गट आणि मेंदूवरील शस्त्रक्रिया

मेंदूतील गाठ काढावी लागणार असे एकदा ठरले, की रोग्याच्या घरची माणसे पहिली धावपळ करतात ती रक्तासाठी. रक्तपेढीची चिठ्ठी हाती येते, तिच्यावर गटाचे अक्षर लिहिलेले असते, आणि त्या अक्षराभोवती रुग्णालयाच्या व्हरांड्यात बोलणे सुरू होते. कोणी जाणता नातेवाईक सांगतो, ओ गटाच्या माणसाचे रक्त लवकर थांबत नाही. दुसरा सांगतो, ए गटाच्या माणसाच्या रक्तात गुठळ्या फार होतात. घरच्या कर्त्या बाईने हे ऐकले, की तिच्या मनात एकच विचार घोळत राहतो : आपल्या माणसाचा गट चांगला की वाईट?

या दोन्ही ऐकीव गोष्टी निव्वळ कल्पित नाहीत. दोहोंच्या मुळाशी शास्त्राचा आधार आहे. पण तो आधार नेमका केवढा आणि शस्त्रक्रियेच्या पुढच्या दिवसांत त्याचे मोल किती, याचा हिशेब मात्र व्हरांड्यात होत नाही. तो न झाल्यामुळे काही घरे विनाकारण घाबरतात. आणि जी घरे निर्धास्त होतात त्यांचे अधिक नुकसान होते.

रक्ताचे गट प्रथम ओळखले ते व्हिएन्नातील कार्ल लांडस्टायनर यांनी. एका माणसाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळले असता कधी रक्तपेशींचे पुंजके होतात, कधी होत नाहीत, हे त्यांनी पाहिले आणि १९०१ साली त्यावरून तीन गट मांडले. चौथा, एबी हा गट, १९०२ मध्ये त्यांच्याच शहरातील दोन वैद्यांना आढळला. या शोधाबद्दल लांडस्टायनर यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. तोपर्यंत रक्त देणे हा जुगार होता. त्यानंतर तो उपचार झाला.

गट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगता येते. रक्तातील तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या बारीक साखळ्या असतात. त्या साखळीच्या टोकाला एका प्रकारची शर्करा जोडलेली असली, तर तो ए गट. दुसऱ्या प्रकारची असली, तर बी. दोन्ही प्रकारच्या साखळ्या असल्या, तर एबी. टोकाला काहीच जोडलेले नसले, साखळी अपुरीच राहिली, तर तो ओ गट. म्हणजे ओ हे अक्षर एका अभावाचे नाव आहे. भारतात ओ आणि बी हे दोन गट सर्वांत अधिक आढळतात. पहिल्या महायुद्धात सॅलोनिका येथे जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त लुडविक आणि हान्ना हिर्श्फेल्ड या दांपत्याने तपासले होते. त्यांत हिंदी सैनिकही होते. युरोपीय सैनिकांच्या मानाने त्यांच्यात बी गटाचे प्रमाण पुष्कळ अधिक असल्याचे त्या वेळीच दिसून आले होते.

आता ही शर्करेची साखळी केवळ तांबड्या पेशींवरच असती, तर रक्त साकळण्याशी गटाचा काही संबंध राहिला नसता. पण तसे नाही. हा संबंध समजण्यासाठी फिनलंडकडे वळावे लागते.

स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधील समुद्रात ओलंड नावाचा द्वीपसमूह आहे. तेथील पाच वर्षांची एक मुलगी एरिक फॉन विलेब्रांट या फिनिश वैद्यांकडे तपासणीसाठी आली. तिच्या घराण्यात अनेकांना रक्तस्रावाचा त्रास होता, आणि तिच्या बहिणी लहानपणीच रक्त जाऊन दगावल्या होत्या. हीमोफिलिया हा रक्तस्रावाचा आनुवंशिक रोग त्या वेळी माहीत होता. पण तो मुख्यतः मुलग्यांना होतो, आणि येथे तर मुलीही तितक्याच आजारी होत्या. फॉन विलेब्रांट यांनी १९२६ साली हा वेगळाच रोग असल्याचे जाहीर केले. ती मुलगी पुढे वयात येताना मासिक रक्तस्रावानेच गेली. तिच्या रक्तात जे द्रव्य कमी होते, त्याला आज त्या वैद्यांचे नाव आहे : फॉन विलेब्रांट घटक.

हे द्रव्य म्हणजे एक अवाढव्य प्रथिन. रक्तवाहिनीला छेद गेला, की ते छेदाच्या कडेला चिकटते आणि वाहत्या रक्तातील बिंबिका, ज्यांना आता प्लेटलेट या नावानेच सारे ओळखतात, त्या अडवून धरते. बिंबिकांचा पहिला बांध असा पडतो. शिवाय रक्त साकळविणारा आठवा घटक हेच प्रथिन आपल्या अंगावर वाहून नेते. गवंड्याच्या हाताखाली विटा धरणारा आणि चुनाही पुरविणारा जसा एकच गडी असावा, तसे याचे काम आहे.

या प्रथिनावरही त्याच शर्करेच्या साखळ्या असतात. ए गटाच्या माणसात ए शर्करा, बी गटाच्या माणसात बी शर्करा. ओ गटाच्या माणसात टोक उघडे. टोक उघडे असलेले प्रथिन शरीरात अधिक लवकर तोडले आणि झाडून टाकले जाते, म्हणून ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ते कमी शिल्लक राहते. १९८७ साली अमेरिकेत हजारांहून अधिक रक्तदात्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. सरासरी प्रमाण शंभर धरले, तर ओ गटात ते सुमारे ७५, ए गटात १०६, बी गटात ११७ आणि एबी गटात १२३ असे भरले. ओ गटाच्या माणसाचे रक्त जरा कमी साकळते आणि इतरांचे जरा अधिक, या लोकसमजुतीच्या मागे असलेली वस्तुस्थिती ही एवढीच.

मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे सरासरीचे आकडे आहेत. ओ गटाच्या एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसात हे प्रथिन ए गटाच्या शेजाऱ्यापेक्षा अधिकही असू शकते. आणि ७५ हा आकडा रोगाचा नव्हे. तो निरोगी माणसांचाच आहे. ज्याला खराच फॉन विलेब्रांट रोग म्हणावा, त्यात प्रमाण याहून पुष्कळ खाली गेलेले असते. पण ज्याच्या घराण्यात त्या रोगाचा सौम्य अंश आहे, त्याचा गट ओ असला, तर मुळातली उणीव अधिक उणी होते. वरील तपासणीतच सौम्य स्वरूपाचा हा रोग असलेल्यांपैकी शंभरांत सत्त्याहत्तर जण ओ गटाचे निघाले. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी वैद्य जेव्हा विचारतात, दाढ काढली तेव्हा रक्त किती वेळ वाहत होते, नाकाचा घोळणा फुटतो काय, बाळंतपणात रक्त फार गेले काय, तेव्हा त्या साध्या प्रश्नांची खरी उत्तरे मिळणे हे चिठ्ठीवरच्या अक्षरापेक्षा मोलाचे असते. खेदाची गोष्ट अशी, की पुष्कळ घरांत बाईमाणूस आपल्या अशा तक्रारी मोठ्या डॉक्टरांपुढे सांगायला संकोचते, आणि बरोबरचा पुरुष ‘काही नाही’ म्हणून मोकळा होतो.

मेंदूच्या बाबतीत एवढ्याशा फरकाचीही इतकी चर्चा व्हावी, याचे कारण मेंदूची जागा. पोटात अथवा मांडीत थोडे रक्त साठले, तर पोट आणि मांडी फुगून त्याला जागा देतात. कवटी फुगत नाही. तिच्यात सुमारे दीड लिटरची जागा, आणि ती मेंदू, रक्त व पाणी यांनी आधीच भरलेली. तेथे दोन मोठे चमचे रक्त जास्तीचे साचले, तरी मेंदू दाबला जाऊन माणसाची शुद्ध हरपू शकते. डोक्याच्या मागच्या, लहान मेंदूच्या कप्प्यात तर त्याहूनही थोडे पुरते.

मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक म्हणून ज्यांना मान मिळतो ते अमेरिकेतील हार्वे कुशिंग यांची अर्धी कारकीर्द या रक्ताशी झगडण्यातच गेली. मेंदूतील रक्तवाहिन्या नाजूक. दोऱ्याने बांधू जाता त्या तुटत. १९११ साली कुशिंग यांनी चांदीच्या तारेचे इवलेसे चिमटे वाहिनीवर बसविण्याची युक्ती प्रसिद्ध केली. पुढे १९२६ च्या ऑक्टोबरात, बोस्टन येथे, विल्यम बोवी या पदार्थविज्ञानवेत्त्याने तयार केलेले विजेचे उपकरण त्यांनी शस्त्रक्रियेत वापरले. विजेच्या प्रवाहाने मांस कापता कापताच रक्त थांबविता येते, हे त्या दिवशी दिसले. रोग्याच्या कवटीवर रक्ताने तुडुंब भरलेली गाठ होती, आणि काही दिवसांपूर्वी तीच काढू जाता रक्तस्रावामुळे कुशिंग यांना हात आवरता घ्यावा लागला होता. रक्त देण्यासाठी बसविलेला विद्यार्थी त्या दिवशी घेरी येऊन बैठकीवरून खाली पडला, पण गाठ मात्र निघाली. त्यापूर्वी असाध्य म्हणून सोडून दिलेल्या अनेक रोग्यांना कुशिंग यांनी त्यानंतर पुन्हा बोलावून घेतले.

आज शस्त्रवैद्याच्या हाती सूक्ष्मदर्शक आहे, दोन टोकांचा विजेचा चिमटा आहे, रक्त शोषून गोठविणारी द्रव्ये आहेत. तरीही कवटी बंद केल्यानंतर आत पुन्हा रक्त साचण्याचा प्रकार शंभरांत एकदोन रोग्यांच्या बाबतीत होतो. हे बहुधा पहिल्या सहा तासांतच घडते, म्हणून त्या रात्री परिचारिका रोग्याला दर थोड्या वेळाने जागे करून त्याचे नाव विचारतात, हात वर करायला सांगतात, डोळ्यांत दिवा टाकून पाहतात. ‘बिचाऱ्याला झोपू तरी द्या’ असे नातेवाइकांना वाटते. पण त्या रात्री शांत झोप आणि येऊ घातलेली बेशुद्धी यांतला फरक ओळखण्याचा दुसरा स्वस्त उपाय नाही.

या रक्तस्रावाची कारणे शोधू गेले असता रक्ताचा गट यादीत फार खाली सापडतो. वर सापडतात ती वाढलेला रक्तदाब, बिंबिकांची कमतरता, आणि सर्वांत वारंवार, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या. अ‍ॅस्पिरिनची एक गोळी बिंबिकेला तिच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी निकामी करते, आणि बिंबिकेचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते. डोके दुखते म्हणून रोग्याने दुकानातून आणलेली गोळी घेतली आणि ती औषध म्हणून मोजलीच नाही, असे सहज घडते. ज्याच्या डोक्यात गाठ आहे त्याचे डोके दुखणारच. अशा वेळी ओ आणि ए यांचा विचार करीत बसणे म्हणजे दाराला कुलूप घालून खिडकी उघडी ठेवणे होय. हृदयविकारासाठी जे नियमाने अ‍ॅस्पिरिन घेतात, त्यांनी मात्र ते आपल्या मनाने बंद करू नये. केव्हा थांबवावे आणि केव्हा पुन्हा सुरू करावे, हे दोन्ही वैद्यांनी मिळून ठरवावयाचे असते.

एवढ्यावर संकट संपले असते, तर गोष्ट सोपी होती. रक्त साकळविण्याची औषधे देऊन काम भागले असते. पण मेंदूतील गाठीच्या रोग्याला दुसऱ्या बाजूनेही तितकाच धोका असतो. डोक्यात रक्त थांबावे म्हणून सारे झटत असतात, त्याच वेळी त्याच्या पायातल्या खोल नीलांमध्ये, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांमध्ये, रक्त नको तेथे साकळू लागते. त्या गुठळीचा तुकडा सुटून फुफ्फुसात गेला, तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. गाठ यशस्वीपणे निघाली, टाके काढले, रोगी चालू लागला, आणि घरी जाण्याच्या सुमारास अचानक धाप लागून गेला, अशी हकीकत ज्या कुटुंबांवर ओढवते त्यांना ती पुढे कितीही वर्षे समजत नाही.

असे का व्हावे? एक कारण उघड आहे : शस्त्रक्रिया अनेक तासांची, नंतर रोगी अंथरुणाला खिळलेला, आणि पुष्कळदा एक हात-पाय लुळा. पायाचे स्नायू हलले नाहीत, तर नीलांतले रक्त तुंबते. दुसरे कारण खुद्द मेंदूतच आहे. मेंदूच्या पेशीजालात रक्त साकळविणारे द्रव्य विपुल असते. आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये रक्त साकळण्यास किती सेकंद लागतात हे मोजण्याची जी चाचणी बसविली, आणि जी सुधारलेल्या रूपात आजही प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी केली जाते, तिच्यासाठी त्यांनी सशाच्या मेंदूचाच अर्क वापरला. शस्त्रक्रियेत मेंदूला धक्का लागला, की हे द्रव्य थोडेफार रक्तात उतरते. येथे एक विलक्षण योगायोग सांगण्यासारखा आहे. बाल्टिमोर येथील जे मक्लीन हा विद्यार्थी मेंदूतून मिळणाऱ्या साकळविणाऱ्या द्रव्याचाच अभ्यास करीत होता. इतर अवयवांतही तसे काही मिळते काय, हे पाहता पाहता १९१६ साली त्याला यकृताच्या अर्कात नेमके उलटे द्रव्य सापडले, रक्त साकळू न देणारे. त्या शोधातून पुढे हेपॅरिन हे औषध आले. मेंदूच्या रोग्याच्या पायातील गुठळी टाळण्यासाठी आज दिले जाते ते याच कुळातले.

तिसरे कारण गाठीचे स्वतःचे. मेंदूच्या आधारपेशींतून वाढणारी जी कर्करोगी गाठ, ग्लायोमा, तिच्या पेशींवर बिंबिकांना पुंजके करायला लावणारे एक प्रथिन असते, आणि ज्या गाठीत ते अधिक, त्या रोग्यांत गुठळ्याही अधिक, असे अलीकडे दिसून आले आहे. अत्यंत घातक स्वरूपाच्या ग्लायोमात आजाराच्या सर्व काळात मिळून शंभरांपैकी वीस ते तीस रोग्यांना अशी गुठळी होते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन महिने त्यांत सर्वांत वाईट.

येथे रक्ताचा गट पुन्हा पुढे येतो, आणि या बाजूला त्याचे वजन थोडे अधिक आहे. १९६९ साली अमेरिका, ब्रिटन आणि स्वीडन येथील संशोधकांनी मिळून असे दाखविले, की नीलांत गुठळी झालेल्या तरुण स्त्रियांमध्ये ओ गटाच्या स्त्रिया अपेक्षेपेक्षा कमी आहेत. त्यानंतर अनेक देशांत हीच गोष्ट पुनःपुन्हा आढळली. ढोबळ मानाने, ओ गट नसलेल्या माणसाला अशी गुठळी होण्याचा संभव ओ गटाच्या माणसाच्या सुमारे दुप्पट. बाल्टिमोर येथील वैद्यांनी २००४ मध्ये घातक ग्लायोमाच्या रोग्यांकडे याच दृष्टीने पाहिले, आणि त्यांतही ए व एबी गटांच्या रोग्यांना ओ गटाच्या रोग्यांपेक्षा गुठळीचा त्रास अधिक झाल्याचे त्यांना आढळले. ती पाहणी थोड्या रोग्यांवरची होती, हे विसरता कामा नये. शिवाय दुप्पट हा शब्द कानाला मोठा वाटतो. पण ज्याचा पाय लुळा पडला आहे, ज्याचे वय साठीपुढचे आहे, ज्याला सूज कमी करण्यासाठी स्टेरॉइड चालू आहे, त्याच्या बाबतीत या एकेका गोष्टीचेही वजन गटाइतके किंवा त्याहून अधिक भरते. ओ गटाचा रोगी या संकटातून सुटलेला नसतो. ग्लायोमाच्या रोग्यांत ओ गटाच्या माणसांनाही गुठळ्या होतात, आणि ‘तुमचा गट ओ, तुम्हांला भीती नाही’ असा दिलासा कोणी देत असेल, तर तो चुकीचा आहे.

तर मग एका बाजूला रक्तस्राव आणि दुसऱ्या बाजूला गुठळी, यांच्यामधून वाट काढावयाची कशी? याचे उत्तर अक्षरात नाही, घड्याळात आहे. १९९८ या एकाच वर्षी दोन पाहण्या प्रसिद्ध झाल्या. एकीत हेपॅरिनच्या कुळातील औषध रोग्याला भूल देतानाच, म्हणजे शस्त्रक्रियेच्या आधी, सुरू केले होते. कवटीत रक्तस्राव होऊ लागल्यामुळे ती पाहणी अर्ध्यावरच थांबवावी लागली. दुसरी इटलीतील, ३०७ रोग्यांची. तीत तेच औषध शस्त्रक्रिया आटोपल्यानंतर, चोवीस तासांच्या आत, सुरू केले. सर्वांच्याच पायांत दाब देणारे मोजे होते. अर्ध्यांना त्याबरोबर औषध, अर्ध्यांना नुसते पाणी टोचले. नुसत्या मोज्यांच्या गटात शंभरांपैकी बत्तीस जणांच्या नीलांत गुठळ्या सापडल्या, औषधाच्या गटात सतरा. आणि मोठा रक्तस्राव दोन्ही गटांत सारखाच, शंभरांत तीन. औषध तेच, माणसे तशीच. वेळ बदलली आणि विषाचे औषध झाले.

म्हणून आजची रीत अशी आहे, की शस्त्रक्रियेच्या मेजावरच रोग्याच्या पोटऱ्यांना हवेने फुगणाऱ्या पट्ट्या बांधतात. त्या आळीपाळीने पाय दाबतात आणि रक्त पुढे ढकलतात. दुसऱ्या दिवशी डोक्याचे चित्र काढून आत रक्त साचलेले नाही याची खात्री झाली, की पोटाच्या कातडीखाली औषधाचे टोचणे सुरू होते. ते किती तासांनी सुरू करावे, यावर शस्त्रवैद्यांत अजूनही मतभेद आहेत. कोणी एक दिवस थांबतो, कोणी दोन. त्या निर्णयात ते गाठीचा प्रकार, निघालेला व राहिलेला भाग, रक्तदाब, बिंबिकांची संख्या पाहतात. ओ किंवा ए या अक्षरावरून औषधाची मात्रा ठरविण्याची पद्धत नाही, आणि ती नसावी याला कारणही आहे. शस्त्रक्रियेचा ताण पडला, की प्रत्येकाच्या शरीरात फॉन विलेब्रांट घटक आपोआप वाढतो. ओ गटातली ती थोडीशी उणीव ऐन वेळी बरीचशी भरून निघते.

ही उणीव औषधाने भरून काढण्याचा उत्साहही आवरावा लागतो. डेस्मोप्रेसिन नावाचे औषध शरीरातील साठ्यातून हा घटक रक्तात सोडते. १९७७ मध्ये इटलीत ते रक्तस्रावाच्या रोग्यांवर यशस्वीपणे वापरले गेले. पण तेच औषध शरीरात पाणी धरून ठेवते, रक्तातील सोडियम उतरविते, आणि सोडियम उतरले की मेंदूला सूज येते. मेंदूच्या रोग्याला ते देताना म्हणूनच फार जपावे लागते. गट ओ आहे एवढ्यासाठी ते कोणी देत नाही.

गट या शब्दाला खराखुरा, जीवनमरणाचा अर्थ येतो तो रक्त चढविताना. आणि त्यातही एका दुर्मिळ गटाच्या बाबतीत. १९५२ साली मुंबईतील डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी असे रक्त जगापुढे आणले, की ज्यात ए नाही, बी नाही, आणि ओ गटाच्या पेशींवर असते ती मूळ साखळीही पुरी झालेली नाही. जगाच्या वैद्यकात तो बॉम्बे गट म्हणून ओळखला जातो. भारतात दहा हजारांत एक असे त्याचे प्रमाण सांगतात. इतर देशांत ते त्याहूनही पुष्कळ विरळ. नेहमीच्या साध्या तपासणीत हे रक्त ओ म्हणूनच दिसते. पण या माणसाला ओ गटाचे रक्त चढविले, तर त्याचे शरीर त्या पेशी फोडून टाकते. त्याला केवळ आपल्यासारख्याच दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचे रक्त चालते. शिवाय ज्या कारणाने ओ गटात फॉन विलेब्रांट घटक कमी, त्याच कारणाने या गटात तो आणखी कमी असल्याचे आढळले आहे. म्हणून रक्तपेढीने रोग्याचा रक्तद्रवही उलट बाजूने तपासणे आणि जुळणीची चाचणी पुरी करणे आवश्यक असते. मेंदूची शस्त्रक्रिया बहुधा काही दिवस आधी ठरते. तेवढ्या अवधीत हा गट उघडकीस आला, तर दाता शोधता येतो, किंवा रोग्याचेच रक्त काढून साठविता येते. कवटी उघडल्यावर उघडकीस आला, तर काहीच करता येत नाही. ‘ओच आहे, कुणाचेही मिळेल’ असे म्हणून नमुना द्यायला शेवटच्या दिवशी धावणाऱ्या माणसांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

रोगी घरी आल्यावर काय? तेथे ना शस्त्रवैद्य असतो, ना फुगणाऱ्या पट्ट्या. आठव्या-दहाव्या दिवशी रोगी म्हणतो, पोटरी ठणकते. घरातील वडील माणसे म्हणतात, पडून पडून आखडली असेल. आणि कोमट तेलाची वाटी येते. मराठी घरात ठणकत्या पायाला तेल लावून चोळणे याइतकी मायेची दुसरी शुश्रूषा नाही, आणि या एका प्रसंगी याइतकी घातक दुसरी नाही. नीलेत गुठळी असली, तर चोळण्याने ती सुटून फुफ्फुसाकडे निघू शकते. ज्याचा एक पाय लुळा आहे त्याच्या बाबतीत तर आणखी फसगत होते. त्या पायावरची सूज लुळेपणाचीच असे सारे धरून चालतात, आणि संवेदना कमी असल्यामुळे रोगी दुखण्याची तक्रारही करीत नाही.

शिवणकामाची मोजपट्टी बहुतेक घरांत असते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या खाली दहा सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. एक पोटरी दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटरहून अधिक भरली, किंवा एकच पाय गरम व लालसर दिसला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पट्टीत फरक दिसला नाही तरी ठणका असेल, तर वैद्यांना दाखवावेच. अचानक धाप लागली, छातीत कळ आली, थुंकीत रक्त दिसले किंवा घेरी आली, तर सकाळची वाट पाहू नये. डोके एकाएकी फार दुखू लागले, गुंगी वाढू लागली, बोलणे अडखळू लागले, तर तोच नियम. मग ते रक्त डोक्यात साचले आहे की आणखी काही, हे तेथले वैद्य पाहतील. निघताना शस्त्रक्रियेचे कागद, रक्तगटाची चिठ्ठी आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसकट, पिशवीत बरोबर घ्यावीत. आणि तेलाची वाटी तेवढी फळीवर परत ठेवावी.